वैमानिकाचा कान



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे आहे असे कळले, की बुलढाणा जिल्ह्यातला वक्ता बहुधा सिंदखेडराजाची किंवा लोणारची वाट धरतो. ती वाट आम्हांलाही प्रिय आहे. पण आज आम्ही जमिनीला पाय न लावता या मुलखाच्या माथ्यावरून जाणार आहोत. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि नागपूर यांना जोडणारी पट्टी ठेवून पाहावी. ती चिखली आणि मेहकर यांच्या मधून, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या अंगावरून जाते. आगगाडीने घाट टाळला आणि मलकापूर-नांदुऱ्याची सपाटी पकडली. विमानाला घाटाचे भय नाही, ते सरळ आले. अलीकडे समृद्धी महामार्गही सिंदखेडराजा-मेहकरकडूनच गेला; रस्त्याला जे सुचावयास २०२२ साल उजाडावे लागले, ते विमानाला फार पूर्वी सुचले होते, एवढेच म्हणतो.

आमचे लहानपण चिखलीस गेले. उन्हाळ्यात धाब्यावर अंथरुणे पडत. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास पश्चिमेकडून घरघर येई, चांदण्यांतून एक दिवा सरकत जाई, आणि आजी म्हणे, “टपाल चाललं रे नागपूरला.” आजीचे भूगोलाचे ज्ञान बेताचे होते, पण हे वाक्य अचूक होते. ३० जानेवारी १९४९ पासून या देशात रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळणमंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाची विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची देवघेव करीत आणि आपापल्या गावी परतत. चिखलीतून मुंबईस टाकलेले पत्र आधी एस. टी. ने आणि आगगाडीने जाई, हे खरे. पण मद्रासहून मुंबईस जाणारे पत्र आमच्या अंथरुणावरून जाई, याचा आम्हांला विनाकारण अभिमान वाटे.

आम्ही विमान ऐकत होतो. विमानात बसलेला माणूस त्या वेळी काय ऐकत असेल, असा प्रश्न आम्ही एकदा आजीला विचारला. “आपल्यासारखीच घरघर,” असे ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली. त्या प्रश्नाचे उत्तर आज, साठांहून अधिक वर्षांनी, आपल्यापुढे मांडावयाचे आहे. विमानाच्या डोळ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पंखांविषयी तर विचारूच नका. कानाविषयी फारसे कोणी बोलत नाही.

आरंभी या कानाला काहीच काम नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादेस उतरले आणि दुपारी मुंबईस जुहूच्या मैदानावर पोचले. अहमदाबादेस त्यांच्या विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. जमिनीवरून त्यांच्याशी कोणी बोलू शकत नव्हते आणि तेही कोणाशी बोलू शकत नव्हते. पुढे पाऊस आहे की धुके आहे, हे तेथे गेल्यावरच कळणार. नदी, रूळ, डोंगराची कड, एवढाच आधार. लोणारचे गोल तळे ज्या विवरात आहे, ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. असे तळे वरून ओळखावयास कोणाला विचारावे लागत नाही. पण ढग आडवे आले, की तळेही गेले आणि रूळही गेले.

माणसाला विमानात ऐकू यावे याची पहिली निकड शिकविण्यातून निर्माण झाली. गुरू पुढे, शिष्य मागे, दोघांच्या तोंडावर वारा आणि मध्ये इंजिन. या अवस्थेत विद्यादान कसे व्हावे? पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने वैमानिकांची शाळा नव्या पद्धतीने चालविली. त्या शाळेतून रबराची बोलनळी निघाली. गुरूने नळीच्या तोंडाशी बोलावयाचे. दुसरे टोक दोन फाट्यांनी शिष्याच्या टोपीत कानांशी जाऊन बसते. वीज नाही, तार नाही. डॉक्टरांच्या स्टेथॉस्कोपचीच ही मोठी बहीण. आपल्याकडच्या मॉथ विमानांतून ही नळी अनेक वर्षे चालली. आज पाहिली तर हसू येईल, पण तिच्यात एक गुण होता. नळीतून गुरूखेरीज दुसऱ्या कोणाचा आवाज येणे शक्यच नव्हते. हा गुण लक्षात ठेवावा, पुढे त्याची फार आठवण होणार आहे.

बिनतारी आवाज विमानात शिरला तोही त्याच युद्धात. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे १९१५ साली चार्ल्स प्रिन्स यांच्या प्रयोगांत आकाशातला मानवी आवाज जमिनीवर ऐकू आला. तो कानाशी नेणारा हेडफोनही तेव्हा नवाच होता. अमेरिकेच्या युटा प्रांतातल्या नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने तो १९१० च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवून आरमाराकडे पाठविला होता. मोठमोठे शोध प्रयोगशाळेत लागतात असे आपण मुलांना सांगतो. स्वयंपाकघरालाही थोडे श्रेय द्यावयास हरकत नाही.

मग कानाने डोळ्याचे काम करावयास सुरुवात केली. अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस हवाई मार्गांवर ध्वनीची वाट आखली गेली, ती कल्पना मोठी सुंदर आहे. जमिनीवरचे केंद्र वाटेच्या एका बाजूस मोर्सच्या लिपीतला ए पाठवी, म्हणजे एक ठिपका आणि एक रेघ; दुसऱ्या बाजूस एन, म्हणजे एक रेघ आणि एक ठिपका. दोन्ही अक्षरे अशा बेताने पाठविलेली असत, की नेमक्या मध्यावर ती एकमेकांत मिसळून अखंड सूर व्हावा. वैमानिकाला सूर अखंड ऐकू आला की वाट बरोबर. ठिपके वेगळे पडू लागले की तो एका बाजूस भरकटला. तंबोरा जुळवताना आपला गवई जे करतो तेच हा ढगात बसून करी. चुकला तर गवयाला फक्त श्रोते नावे ठेवतात.

टपालाच्या डाकोटा विमानांत वैमानिकांच्या मागे एक रेडिओ ऑफिसर बसत असे. आजीचे उत्तर अर्धेच बरोबर होते, असे आता म्हणता येते. घरघर होतीच; पण त्या घरघरीच्या आत, कानावरच्या वाटीत, ठिपके आणि रेघा होत्या. सोनेगाव आपले नाव पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि आमच्या धाब्यावरून जाणारा तो माणूस ते ऐकत होता.

आता घरघरीकडे वळू, कारण सगळे दुखणे तेथे आहे. आज शिकाऊ वैमानिक ज्या लहान विमानात बसतात, त्यात पुष्कळदा चार सिलिंडरांचे इंजिन आणि दोन पात्यांचा पंखा असतो. पंखा मिनिटाला २४०० फेरे घेतो असे धरा, म्हणजे सेकंदाला ४०. दोन पाती, म्हणून हवेला सेकंदाला ८० तडाखे. चार सिलिंडरांच्या अशा इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट, म्हणून तेही सेकंदाला ८०. पंखा आणि इंजिन एकाच सुरात ओरडतात. हा सूर पुरुषाच्या तंबोऱ्यातल्या खर्जाच्या तारेच्या आसपास येतो. खर्ज कानाला गोड असतो असे संगीतज्ञ म्हणतील, पण तो तासन्‌तास कानठळ्या बसविणाऱ्या जोराने वाजू लागला, की कान कायमचा मंद होतो. जुने वैमानिक म्हातारपणी घरच्यांवर उगीच ओरडत नसत, त्यांना खरोखरच ऐकू येत नसे.

जाड गाद्यांच्या वाट्या कानावर घट्ट बसविल्या तर उंच सूर अडतात, पण खर्ज गादीला जुमानत नाही. त्यावरचा उपाय काट्याने काटा काढण्याचा आहे. आत येणाऱ्या आवाजाच्या नेमका उलटा आवाज वाटीतच निर्माण करावयाचा, म्हणजे दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. ही कल्पना पॉल लूएग या जर्मन गृहस्थाच्या नावावर १९३६ च्या अमेरिकन पेटंटात आहे. ती वैमानिकाच्या कानापर्यंत नेण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्यांचे नाव अमर बोस. वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधील क्रांतिकारक, इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेस गेलेले. अमर बोस १९७८ साली झुरिकहून विमानाने परतत होते. विमान कंपनीने ऐकावयास दिलेल्या हेडफोनमधून गाण्यापेक्षा घरघरच जास्त येते, हे पाहून त्यांनी प्रवासातच गणित मांडावयास घेतले. डिसेंबर १९८६ मध्ये व्हॉयेजर हे विमान वाटेत कोठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यातल्या दोघा वैमानिकांच्या कानांवर हे घरघर गिळणारे हेडसेट होते. १९८९ पासून ते बाजारात मिळू लागले.

येथवर कान सुरक्षित झाला. आणि नेमका याच कारणाने तो बाहेरच्या जगाला बंद झाला. वाटीत तारेने जे येईल तेच ऐकू येणार. शेजारी कोणी गळा फाडून ओरडले तरी ते व्यर्थ. शेजारी ओरडणारा हा नवा सोबती २०१० नंतर आला. त्याचे नाव टॅबलेट.

आयपॅड त्या वर्षी विक्रीस आला. त्याचा आकार मांडीवर पट्ट्याने बांधता येईल असा. वैमानिकांना नकाशांची जाडजूड चोपडी वागवावी लागे, ती त्यात मावली. पुढे नकाशावर आपले विमान हलताना दिसू लागले. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बऱ्याच हवाई क्षेत्रांत विमानाने आपली जागा बिनतारीने सतत सांगत राहावे अशी सक्ती झाली. मुठीएवढे एक यंत्र ही सांगणी ऐकते आणि टॅबलेटला देते. टॅबलेट ती चित्रात दाखवितो आणि जवळ कोणी आले तर बोलूनही सांगतो. हजार-पंधराशे रुपयांच्या घड्याळालाही बोलता येते, तेव्हा त्यात नवल नाही. नवल हे, की ते ऐकू येत नव्हते.

आमचा एक पुतण्या, मेहकरच्या शेतकऱ्याचा मुलगा, अॅरिझोनात विमान चालवावयास शिकत होता. संध्याकाळची वेळ, शेजारी शिक्षक, सूर्य समोर. दोघांचेही डोळे धावपट्टी शोधण्यात गुंतलेले. त्याच वेळी दुसरे एक लहान विमान त्यांच्या खालून निघून गेले, इतक्या जवळून की त्याच्या पंखावरची अक्षरे वाचता आली. उतरल्यावर पोराने मांडीवर पाहिले, तर पडद्यावर तांबडी खूण तशीच. टॅबलेट ओरडत होता. त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या पोटातल्या कर्ण्यातून निघून त्या ८० च्या खर्जात विरघळून जात होता. “काका, घरात चोर शिरला आणि कुत्रं भुंकत होतं, पण आपण कानात बोळे घालून झोपलो होतो,” असे त्याने फोनवर सांगितले. आम्ही त्याच्या आईला ही गोष्ट अजून सांगितलेली नाही. ती या सभेस आलेली नाही, हे पाहूनच येथे सांगत आहोत.

त्यानंतर त्या पोराने जे उद्योग केले, त्यात सगळा इतिहास लहान रूपात पुन्हा घडला. प्रथम त्याने मोबाइलचा बारीक इअरफोन कानात घालून त्यावर हेडसेटची वाटी बसविली. तारेमुळे गादी आणि कानशील यांच्यात फट पडली आणि त्या फटीतून घरघर आत आली. वाटीचे सारे सामर्थ्य घट्ट बसण्यात असते. चष्म्याच्या दांडीनेही तिच्यात उणेपणा येतो.

मग त्याने टॅबलेट आणि विमान यांना तारेने जोडून पाहिले. विमानाच्या हेडसेटला दोन पिना असतात, एक ऐकावयाची आणि एक बोलावयाची. पहिली पाव इंच जाडीची, दुसरी किंचित बारीक, म्हणजे अंधारातही अदलाबदल होऊ नये. ही जोडी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे. बोलावयाच्या पिनेवर आजही थोडी वीज सोडावी लागते, कारण त्या काळचे मायक्रोफोन कोळशाच्या कणांचे होते आणि त्यांना विजेवाचून वाचा फुटत नसे. कोळसा केव्हाच गेला, तरी वीज सोडणे चालूच आहे. आजचे मायक्रोफोन आपण कोळशाचेच आहोत असे निमूटपणे सोंग करतात. सरकारी कचेऱ्यांतल्या काही नोंदवह्या अशाच कारणाने चालू असतात असे ऐकतो. विमानाच्या हेडसेटचा विद्युत्‌रोध सामान्यतः तीनशे ओहमच्या घरातला, तर टॅबलेटच्या भोकाची अपेक्षा सोळा ते बत्तीस ओहमची. जोडले तर आवाज येतो, पण दबलेला. त्यातून टॅबलेट विमानाच्याच विजेवर चार्जिंगला लावला, तर दोघांच्या जमिनी वेगळ्या पडतात आणि कानात एक कर्कश शिटी सुरू होते. इंजिन वाढले की शिटी चढते, कमी झाले की उतरते. इंजिनाचा वेग कानाने मोजावयाचा असेल तर हा उपाय उत्तम.

आणि शेवटी त्याने नवा टॅबलेट घेतला, तर त्याला भोकच नाही! २०१६ पासून फोनांतून आणि २०१८ पासून काही टॅबलेटांतून हेडफोनचे भोक नाहीसे होऊ लागले. आता बिनतारीवाचून गत्यंतर उरले नाही.

ही बिनतारी म्हणजे ब्लूटूथ. १९९४ साली स्वीडनमध्ये लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच अभियंत्याने तिचे काम सुरू केले. १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून तिचा संघ काढला. नाव दहाव्या शतकातल्या हॅरल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचे. त्याने भांडणाऱ्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी भांडणारी यंत्रे एकत्र यावीत ही इच्छा. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. आकाशातल्या एका अरुंद पट्टीत ७९ गल्ल्या आखल्या आहेत. ही दोन यंत्रे एकमेकांशी संगनमत करून सेकंदाला १६०० वेळा गल्ली बदलतात. दुसरा कोणी एखाद्या गल्लीत गोंगाट करीत असला, तर तेवढ्याच क्षणाचा तोटा. भारतात ही पट्टी कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याविना खुली झाली ती २००५ साली. आमच्या वडिलांना घरातल्या साध्या रेडिओसाठी दर वर्षी टपालकचेरीत पैसे भरून परवाना घ्यावा लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती विश्वास ठेवीत नाहीत.

तर पुतण्याने काडेपेटीएवढी एक डबी आणली. ती हेडसेटची ऐकावयाची पिन आणि विमानाचे भोक यांच्या मध्ये बसते, टॅबलेटचा आवाज बिनतारी घेते आणि विमानाच्या आवाजात मिसळून कानात सोडते. त्याच कामासाठी काही हेडसेटमध्ये ब्लूटूथ आतच असते, आणि काही विमानांत ते भिंतीतल्या इंटरकॉमला जोडलेले असते. यांतला फरक लहान नाही. हेडसेटमध्ये असेल तर एकट्यालाच ऐकू येते. इंटरकॉममध्ये असेल तर शिक्षकालाही आणि मागे बसलेल्या काकांनाही. आम्ही तेथे गेलो असता त्या मागच्या आसनावर बसून चाळीस मिनिटे काढली. टॅबलेटने दोनदा सांगितले की उजवीकडे कोणी आहे. दोन्ही वेळा आम्हांला काही दिसले नाही, पोराला दिसले.

येथे कोणीही शहाणा श्रोता विचारील, की टॅबलेटचा आवाज जर असा बिनतारी कानात जातो, तर हेडसेटची ती जाड तार ठेवावयाची तरी कशाला? विमानाचा रेडिओही तसाच का नेऊ नये? याचे उत्तर वेळात आहे. ब्लूटूथला आवाज बांधावा लागतो, पाठवावा लागतो, सोडवावा लागतो. यात साधारणपणे एकदशांश ते पाव सेकंद जातो. शंभर नॉटच्या वेगात पाव सेकंदाला विमान तेरा मीटर पुढे जाते. उजवीकडे विमान आहे ही सूचना तेवढ्या उशिराने आली म्हणून बिघडत नाही. पण वैमानिक रेडिओवर बोलतो तेव्हा त्याचा स्वतःचा आवाजही त्याच्या वाटीत परत येत असतो. तो पाव सेकंद उशिरा आला, तर चांगला बोलका माणूसही अडखळू लागतो, तोतरे बोलू लागतो. हा प्रयोग कोणालाही करता येतो आणि फजिती ठरलेली असते. म्हणून बोलण्याची वाट तारेची राहिली, ऐकण्याची एक पायवाट तेवढी बिनतारी झाली.

वाट झाली, पण गर्दीही झाली. बोलनळीतून एकच गुरू बोलत होता. आता एका वाटीत नियंत्रकाचा मनोरा, दुसऱ्या विमानांतले वैमानिक, शेजारचा शिक्षक, टॅबलेट, आणि कोणी मोह आवरला नाही तर लता मंगेशकरांचे गाणेही! एका वेळी दोघे बोलले तर कोणाचे ऐकावयाचे? ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. शेवटच्या क्षणी नियंत्रक आणि धावपट्टीवर असलेले विमान एकाच वेळी बोलले. विमानाच्या रेडिओत असे झाले की दोन्ही आवाज एकमेकांत अडकून नुसती किंकाळी उरते. निघालेल्या विमानातल्या वाट्यांत ती किंकाळी गेली आणि शब्द हरवले. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात ३४९ बळी गेले. तेथे कझाक विमानात मनोऱ्याशी बोलणारा रेडिओचा माणूस वेगळा आणि विमान हाकणारे वेगळे होते. पंधरा हजार फुटांवर थांबावयाचे ते विमान त्याखाली गेले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, आणि टक्कर टाळणारे बोलके यंत्र मोठ्या विमानांत आपल्या देशात सक्तीचे झाले.

यंत्राला वाचा दिली म्हणजे प्रश्न सुटला काय? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत यूबरलिंगेनच्या वर रशियन विमानातल्या यंत्राने सांगितले, वर चढा. जमिनीवरच्या नियंत्रकाने सांगितले, खाली उतरा. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. समोरच्या विमानाने आपल्या यंत्राचे ऐकले होते आणि तेही खालीच येत होते. ७१ माणसे गेली, त्यांत शाळकरी मुले बरीच होती. त्यानंतर जगभर नियम पक्का करण्यात आला: टक्कर टाळण्याचा आदेश देणारे ते यंत्र आणि नियंत्रक यांच्यात विरोध आला, तर यंत्राचे ऐकावे. मांडीवरचा टॅबलेट मात्र त्या योग्यतेचा नाही, हे ठासून सांगितले पाहिजे. तो आदेश देत नाही, सूचना देतो. ज्या विमानात बोलणारे यंत्र नाही ते त्याला दिसतही नाही. त्याचे स्थान शेजारच्या शहाण्या प्रवाशाचे. त्याने “ते बघा” म्हणावे, आणि गप्प बसावे.

चांगल्या इंटरकॉममध्ये हे स्थान तारांनीच ठरवून दिलेले असते. मनोऱ्याचा आवाज आला की गाणे आपोआप खाली जाते, मनोरा थांबला की हळूहळू वर येते. आपल्या कीर्तनात बुवा निरूपणास लागले की टाळकरी हात आखडतात आणि मृदंग नुसती थाप देत राहतो, तसे हे आहे. पण फरक असा, की टाळकऱ्याला अर्थ कळतो, यंत्राला कळत नाही. ते आवाज ओळखते, निकड ओळखत नाही. कोणी वैमानिक दूरवर आपल्या मित्राशी हवापाण्याच्या गप्पा मारीत असला तरी त्याच्यासाठी गाणे खाली जाईल. आणि त्याच वेळी टॅबलेट “उजवीकडे विमान” म्हणाला, तर पुष्कळ डब्या त्यालाही गाणेच समजून दाबून टाकतील. पुतण्याच्या डबीत असेच होते. ते त्याला माहिती पुस्तकात सापडले नाही, एके दिवशी जमिनीवर इंजिन बंद ठेवून मित्राला दुसऱ्या रेडिओवरून बोलावयास लावले तेव्हा कळले. त्याने डबी परत केली आणि ज्यात सूचनेचा आवाज दाबायचा की नाही हे आपण ठरवू शकतो, अशी दुसरी घेतली. फोनची घंटा कानात वाजू नये म्हणून फोन डबीशी जोडणेच बंद केले. गाणी त्याने स्वतःहून सोडली.

आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. पण विदर्भ-खानदेशातली मुले आज नागपूरला, गोंदियाजवळ बिरसीला, धुळ्याला आणि खाली बारामतीला लहान विमानांतून शिकतात. त्यांच्या घरची माणसे या सभेत असतील, म्हणून ही डबीची गोष्ट इतकी लांबविली. मुलाला विमानात बसवावयास लाखो रुपये उभे करणाऱ्या बापाने हेडसेट विकत घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत: बॅटरी संपली तर तारेचा आवाज चालू राहतो काय, आणि मनोरा बोलू लागला तर काय काय दाबले जाते. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले नाही, तर दुकानातून उठावे.

हे व्याख्यान झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी उठून विचारले, “तुमच्या लहानपणीच्या त्या टपालाच्या विमानाचा रेडिओच बंद पडला असता, तर सोनेगावला ते उतरलं कसं असतं?” प्रश्न आम्हांला इतका आवडला, की तो आणि त्याचे उत्तर या पुस्तकात घालावे असे संपादकांना आम्हीच सुचविले. अशा वेळी मनोऱ्यावरून विमानाकडे दिवा रोखतात. स्थिर हिरवा दिसला तर उतरावे. स्थिर तांबडा दिसला तर दुसऱ्याला वाट द्यावी आणि घिरट्या घालीत राहावे. समजले, हे वैमानिकाने दिवसा पंख हलवून सांगावयाचे आणि रात्री उतरण्याचे दिवे दोनदा उघडमीट करून. हा नियम आजही तसाच आहे. टॅबलेट बांधून उडणाऱ्या आमच्या पुतण्याला तो परीक्षेत विचारला गेला होता.